वाट पाहण्याची ताकद आणि वकिलाचे कर्तव्य

२०११ च्या जनगणनेतील एका नोंदीकडे आपल्या विधिज्ञांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. त्या वर्षी देशात घटस्फोटित म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रिया सुमारे नऊ लाख होत्या. घटस्फोट न होताच पतीपासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रिया मात्र तेवीस लाखांच्या वर होत्या. म्हणजे घटस्फोट झालेल्या एका स्त्रीमागे अडीच स्त्रिया अशा, की ज्या धड नांदत्याही नाहीत आणि मोकळ्याही नाहीत. गावाकडे त्यांना ‘टाकलेली’ म्हणतात. १९८० च्या दशकात संगमनेरसारख्या ठिकाणी या स्त्रिया संघटित होऊ लागल्या, तेव्हा चळवळीने ‘परित्यक्ता’ हा शब्द रूढ केला आणि एकेका बाईच्या नशिबाचा समजला जाणारा हा विषय सामाजिक प्रश्न म्हणून चर्चेला आला.

या आकड्यांचा वकिलीच्या व्यवसायाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपले कायद्याचे शिक्षण घटस्फोटाभोवती फिरते. क्रूरता म्हणजे काय, परित्याग कशाने सिद्ध होतो, यावरचे निवाडे विद्यार्थी पाठ करतात. परंतु वकिलाच्या खोलीत जी बाई प्रत्यक्ष येऊन बसते, तिचा पहिला प्रश्न बहुधा घटस्फोटाचा नसतो. पुढच्या महिन्याचे धान्य कोठून आणावे, भावाच्या घरी किती दिवस राहता येईल, मुलाचे नाव शाळेतून कमी होईल काय, हे तिचे प्रश्न असतात. कायद्याच्या पुस्तकात ज्याला ‘अंतरिम’ म्हणतात, तेच तिच्या दृष्टीने सर्वस्व असते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. विभक्ततेच्या दाव्यातील दोन पक्षकार कायद्यापुढे समान असतात. तारखेपुढे ते समान नसतात. ज्याच्या नावावर घर आहे, पगार आहे, सातबारा आहे, त्याला वाट पाहता येते. जिच्याजवळ अंगावरच्या लुगड्याखेरीज काही नाही, तिला वाट पाहता येत नाही. पुढे ढकललेली प्रत्येक तारीख एका बाजूला फुकट पडते आणि दुसऱ्या बाजूला एका दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि माहेरच्यांचे बोलणे एवढी तिची किंमत असते. अखेर ती थकते आणि मिळेल त्या रकमेवर सही करते. याला आपण ‘तडजोड’ म्हणतो. वाट पाहण्याच्या ताकदीतील ही विषमता ओळखणे आणि ती कमी करणे, हे कौटुंबिक दावे चालवणाऱ्या वकिलाचे पहिले व्यावहारिक कर्तव्य आहे. त्या दृष्टीने काही सूचना येथे करावयाच्या आहेत.

आधी भाकरी, आधी छप्पर

पहिल्या भेटीत वकिलाने लग्नाची तारीख विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. आज रात्री ती आणि मुले कोठे झोपणार आहेत? खर्च कोण करतो? आणि कोणकोणते कागद सासरी राहिले आहेत? आधारपत्र, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, लग्नाचे फोटो यांची यादी त्याच बैठकीत करावी. हे कागद नसल्यामुळे पुढे महिने वाया जातात.

त्यानंतर कायद्याची निवड. घटस्फोट न मागताही पोटगी मागता येते, ही साधी गोष्ट अनेक स्त्रियांना कोणी सांगितलेलीच नसते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. धर्म कोणताही असो, ते सर्वांना लागू आहे. हिंदू स्त्रीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खाली योग्य कारणासाठी वेगळे राहूनही निर्वाहखर्च मागता येतो. दावा पतीने आधीच लावला असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली चालू पोटगी आणि दाव्याचा खर्च, दोन्ही मागता येतात. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा राहत्या घराचा हक्क, संरक्षण, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा या सर्व गोष्टी एकाच अर्जात मागू देतो. ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे’ हे उत्तर आता पुरेसे नाही. सामायिक घर पतीच्याच मालकीचे असले पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केले आहे.

एवढी साधने हाताशी असली म्हणजे ती सर्व एकदम वापरण्याचा मोह होतो. एकाच बाईच्या नावाने चार न्यायालयांत चार अर्ज पडतात आणि तिच्या पदरी महिन्याला चार तारखा येतात. पतीला जेरीस आणण्याच्या हेतूने रचलेला हा व्यूह प्रथम तिलाच जेरीस आणतो. शिवाय एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी हिशेबात धरली जाते. ती लपवणे हा न्यायालयाचा विश्वास गमावण्याचा खात्रीचा मार्ग होय. जेथे कमी तारखांत अधिक मिळेल तेच दार ठोठवावे. हिंसाचारविरोधी कायद्यातील दिलासा चालू असलेल्या दुसऱ्या दाव्यातही मागता येतो, हे त्या कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. अर्ज कोठे करावा याबाबतही कायदा आता तिच्या बाजूने आहे. ती जेथे राहते तेथे पोटगीचा अर्ज करता येतो, हिंसाचाराचा अर्ज तात्पुरत्या वास्तव्याच्या ठिकाणीही करता येतो, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याखालील पत्नीचा अर्जही ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात चालतो. तिला मुंबईला खेटे घालावे लागणे हे कायद्यामुळे नव्हे, वकिलाच्या गैरसोयीमुळे घडते.

उत्पन्नाचा शोध

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली एका स्त्रीने अंतरिम पोटगीसाठी अर्ज केला. त्या अर्जाची कहाणी ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात संपली. ‘अंतरिम’ या शब्दाला सात वर्षे लागली! कायदा तर सांगतो की असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात निघावा. त्या प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने जे दंडक घालून दिले, ते प्रत्येक तालुक्याच्या वकिलाच्या मेजावर असावयास हवेत. दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे, उत्पन्नाचे आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे. विरुद्ध पक्षाने ते चार आठवड्यांत दिले पाहिजे. त्यासाठी दोनपेक्षा अधिक संधी देऊ नयेत, आणि कोणी जाणूनबुजून टाळाटाळ करील तर त्याचा बचावच काढून टाकता येतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, निकालाच्या तारखेपासून नव्हे. या शेवटच्या दंडकाचे महत्त्व विशेष आहे. कारण त्यामुळे लांबवलेली प्रत्येक तारीख लांबवणाऱ्याच्याच खात्यावर पडू लागते.

परंतु दंडक आपोआप अंमलात येत नाहीत. तिसऱ्यांदा मुदतीचा अर्ज आला असता उभे राहून हरकत घेणारा वकील लागतो. पुष्कळदा तो हरकत घेत नाही. कारण उद्या त्यालाही दुसऱ्या प्रकरणात मुदत हवी असते. वकीलबंधूंमधील हा सौजन्याचा व्यवहार पक्षकाराच्या पैशाने चाललेला असतो, याचा विसर पडता कामा नये.

पगारदाराचे उत्पन्न शोधणे सोपे असते. शेतकऱ्याचे, ठेकेदाराचे, दुकानदाराचे उत्पन्न प्रतिज्ञापत्रात नेहमीच नाहीसे होते. सर्वोच्च न्यायालयाने शेतीवर जगणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा स्वतंत्र नमुना दिला आहे, तो अवश्य वापरावा. आपल्याकडे त्याला पुष्टी देणारे कागदही विपुल आहेत. सातबारा आणि आठ-अ चे उतारे, गेल्या काही वर्षांतील फेरफार, कारखान्याकडून मिळालेली उसाची बिले, दूधसंस्थेचे पंधरवड्याचे हिशेब, विकास सोसायटीच्या कर्जाची नोंद, पतसंस्थेतील ठेवी, ट्रॅक्टरची नोंदणी. दावा लागण्याच्या सुमारास जमीन भावाच्या वा आईच्या नावावर गेली असेल, तर फेरफार नोंदीची तारीख न्यायालयाला पुष्कळ काही सांगते. हे कागद जमवण्याचे कष्ट घेणाऱ्या वकिलाला लांब भाषणाची गरज पडत नाही.

याच न्यायाने आपल्या पक्षकार स्त्रीलाही सत्यच सांगावयास लावले पाहिजे. ती शिलाईकाम करून चार पैसे मिळवीत असेल, तर ते लिहावे. थोडीफार कमाई आहे म्हणून पोटगीचा हक्क बुडत नाही. खोटे प्रतिज्ञापत्र मात्र तिचे सर्व म्हणणे बुडवू शकते.

सहीपूर्वीचे सापळे

विभक्ततेच्या प्रकरणांत सर्वांत अधिक नुकसान न्यायालयाबाहेर, एका सहीने होते. मुद्रांकावर लिहिलेली ‘फारकत’ हे त्याचे पहिले उदाहरण. भावकीची बैठक बसते, काही रक्कम ठरते, कागद नोटरीपुढे जातो आणि दोघेही मोकळे झाल्याचे समजून चालतात. हिंदू विवाह कायद्याने काडीमोडीची जुनी रूढी कलम २९ मध्ये राखली आहे हे खरे. परंतु ती रूढी त्या समाजात प्राचीन, अखंड आणि निश्चित स्वरूपात आहे हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही, तर तो कागद रद्दी ठरतो. मग दुसरे लग्न केलेली स्त्री कोणाचीच पत्नी ठरत नाही, आणि पहिल्या नात्याने मिळणारी पोटगीही वादात सापडते. असा कागद लिहून देणाऱ्या वकिलाने आपली फी घेतलेली असते. किंमत ती बाई मोजते.

दुसरा सापळा एका निरुपद्रवी वाक्यात दडलेला असतो. ‘आम्ही उभयता परस्परसंमतीने विभक्त राहत आहोत’ असे विभक्ततेच्या करारात सहज लिहिले जाते. कलम १४४ (जुने १२५) याच्या चौथ्या पोटकलमानुसार विवाह कायम असताना परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला त्या कलमाखाली पोटगी मिळत नाही. घटस्फोटित स्त्रीची गोष्ट वेगळी. तिचा हक्क पुनर्विवाहापर्यंत टिकतो. म्हणून ती वेगळी का राहते हे कारण करारात स्पष्ट लिहावे आणि दरमहाची रक्कम, तिची तारीख आणि ती न दिल्यास काय, हेही लिहावे. ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ या वाक्यावर सही घेणे टाळावे. असे हक्कसोडीचे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले असले, तरी ते म्हणवून घेण्यासाठी पुन्हा तारखा मोजाव्या लागतात. आणि मुलांचा हक्क तर आईलाही सोडून देता येत नाही.

तिसरा सापळा नांदावयास येण्याच्या दाव्याचा. या दाव्याचा इतिहास मुंबईला ठाऊक आहे. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंविरुद्ध असाच दावा लावला आणि १८८७ साली न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असे फर्मावले, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. तुरुंगाची तरतूद १९२३ साली गेली. दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही उभा आहे. आज तो पत्नीला परत आणण्यासाठी क्वचितच लावला जातो. पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून तो लावला जातो. अशा दाव्याचे समन्स घेऊन येणाऱ्या बाईला अनेक वकील सांगतात, ‘ताई, जायचे नसेल तर जाऊ नका, एकतर्फी होऊ द्या.’ हा सल्ला घातक आहे. हुकूमनाम्यानंतर एक वर्ष सहवास झाला नाही, तर त्याच कारणावर पतीला घटस्फोट मागता येतो. कैफियत द्यावी, मारहाणीची अथवा हाकलून दिल्याची कारणे नोंदवावीत. असा हुकूमनामा झाला असला, तरी केवळ त्यामुळे पोटगी नाकारता येत नाही, तिच्या न जाण्यामागची कारणे पाहावी लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत सांगितले आहे. त्या कारणांची नोंदच नसेल, तर न्यायालय काय पाहणार?

चौथी गोष्ट परस्परसंमतीच्या घटस्फोटाची. १९७६ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद अनेक जोडप्यांना सभ्यपणे वेगळे होऊ देते, म्हणून ती स्वागतार्हच आहे. सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे २०१७ साली ठरले. परंतु घाई कोणाला आहे हे वकिलाने ओळखले पाहिजे. बहुधा ती दुसरे लग्न ठरलेल्या पतीला असते, आणि हाच एक क्षण असा असतो की जेव्हा वाट पाहण्याची ताकद पत्नीच्या बाजूला येते. ठरलेली रक्कम अखेरच्या जबाबापूर्वी धनादेशाने नव्हे तर डिमांड ड्राफ्टने न्यायालयात आणवावी. घर द्यावयाचे ठरले असेल, तर नोंदणीकृत दस्त आधी व्हावा. स्त्रीधनाची यादी वस्तुवार लिहून, परत मिळाल्याच्या सहीसह पुरसिसला जोडावी. मुलांच्या खर्चात दरवर्षी किती वाढ होणार ते आकड्यात लिहावे. संमती शेवटच्या हुकूमनाम्यापर्यंत टिकली पाहिजे, ती मागे घेता येते, हे १९९१ पासून ठरलेले आहे. ही गोष्ट तिला सांगितल्याखेरीज तिची सही घेऊ नये.

मुले हा मुद्देमाल नव्हे

ताब्याच्या अर्जात सर्वांत कटू भाषा वापरली जाते. एका क्षणी वकिलाने थांबून विचार करावा की, हा अर्ज ते मूल अठरा वर्षांचे झाल्यावर वाचील. आईच्या चारित्र्यावर अथवा बापाच्या पुरुषत्वावर जे लिहिले गेले, ते त्याच्या हाती पडेल. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे १९५६ चा अज्ञानपालकत्व कायदा सांगतो. त्यापुढे मुलाचे हित हीच कसोटी. ते हित शाळा, झोपण्याची जागा, आजारपणात कोण रजा घेतो, अशा साध्या गोष्टींनी सिद्ध होते. भेटीचे वेळापत्रक वार, वेळ, जागा आणि सुट्ट्यांसह लिहावे. आणि पोटगी थकली म्हणून भेट बंद करणे, अथवा भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवणे, या दोन्ही गोष्टींना आपल्या पक्षकाराला ठाम नकार द्यावा. मूल हे वसुलीचे साधन नव्हे.

हुकूम हाती, पैसा नाही

अनेक वकिलांच्या लेखी पोटगीचा हुकूम झाला की प्रकरण संपते. खरे तर ते तेव्हा सुरू होते. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ही मुदत चुकली, तर त्या कलमाखालील जप्तीचा आणि कैदेचा धाक त्या रकमेपुरता संपतो. ‘देईल आज ना उद्या’ म्हणून थांबलेल्या कितीतरी स्त्रियांचे पैसे असे बुडाले आहेत. वकिलाने आपल्या रोजनिशीत प्रत्येक पोटगी प्रकरणासाठी दर सहा महिन्यांनी वसुलीची तारीख लिहून ठेवावी. प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि तुरुंगात जाऊन आल्याने देणे फिटत नाही. पती नोकरदार असेल, तर पगाराची जप्ती अधिक उपयोगी; कारण नोकरी गेलेला कैदी कोणालाच पोसत नाही. इतर दिवाणी देण्यांसाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो. निर्वाहाच्या हुकूमनाम्यासाठी मात्र फक्त एक तृतीयांश पगार जप्तीपासून सुरक्षित असतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. दरखास्त लावताना ते नेमके मांडावे. जमीन असेल तर पोटगीचा बोजा तिच्यावर ठेवण्याची मागणी मूळ अर्जातच करावी. हुकूमनाम्यात बोजा लिहिला गेला नाही, तर जमीन विकली गेल्यावर हात चोळीत बसावे लागते.

आणि पती खरोखरच कफल्लक असेल तर? बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराकडून अथवा ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराकडून कोणता हुकूम काय वसूल करणार? येथे समाजवाद्यांनी प्रामाणिक असले पाहिजे. दारिद्र्याची वाटणी न्यायालय करू शकते, निवारण करू शकत नाही. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटित स्त्रियांचाही समावेश आहे. तिचा अर्ज भरून देणे, शिधापत्रिका स्वतंत्र करून देणे, ही कामे काही वकिलांना कमी दर्जाची वाटतात. त्या बाईला ती एखाद्या निवाड्याहून मोलाची वाटतात.

धर्माचा नव्हे, भाकरीचा प्रश्न

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्या सातजणींचा प्रश्न आपल्या चळवळीतील कितीजणांनी त्या वेळी आपला मानला, याचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही. १९८५ साली शहाबानो प्रकरणाने देशभर वादळ उठले. ते ज्या रकमेवरून उठले ती रक्कम दरमहा १७९ रुपये २० पैसे होती. १९८६ च्या कायद्याने तिच्यासारख्यांची वाट अडवली असे सर्वांना वाटले; परंतु २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की, इद्दतीच्या काळातच पतीने पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. २०२४ च्या जुलैमध्ये तर घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण कलमाखालीही पोटगी मागता येते, हे निःसंदिग्धपणे सांगितले गेले. २०१९ च्या कायद्याने तात्काळ तलाक देणाऱ्या पतीला तुरुंगाची तरतूद केली, याचा गाजावाजा झाला. त्याच कायद्यात पत्नीच्या व मुलांच्या निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, तिचा उच्चार क्वचितच होतो. मुस्लिम पक्षकार आली की शरियतचे पुस्तक शोधणाऱ्या वकिलाने प्रथम पोटगीचा साधा अर्ज लिहावा.

फी आणि विवेक

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने वकिलाला थोडे बाजूलाच बसवले. त्या कायद्याच्या कलम १३ नुसार अशा न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही; न्यायालयाच्या परवानगीने वकील उभा राहतो. संसदेला आपल्या व्यवसायाविषयी हा अविश्वास का वाटला असावा, याचा विचार आपण करावयास हवा. फीच्या व्यवहारात त्याचे एक उत्तर सापडते. एकरकमी पोटगीतील टक्का ठरवून घेणे हे वकील परिषदेच्या नियमांनी निषिद्ध आहे. तरी ही चाल सर्रास आढळते. तिच्यामुळे वकिलाचे हित मासिक पोटगीपेक्षा एकरकमेत आणि योग्य रकमेपेक्षा लवकरच्या रकमेत गुंतते.

जिला फी परवडत नाही तिला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आणीबाणीतील बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीविषयी आपले मत काहीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याचे कलम ३९-अ तिनेच घटनेत आणले. १९८७ च्या विधिसेवा कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता हे साहाय्य मिळते. महाराष्ट्र शासनाने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोट यांच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ केले आहे. शुल्काच्या नावाने त्यांच्याकडून पैसे घेणे हा निव्वळ अपहार होय.

यावर एक आक्षेप येईल की, वकील हा समाजसेवक नव्हे. उद्या पतीचे वकीलपत्र घ्यावे लागले तर त्यानेही प्रामाणिकपणे लढावयाचे असते. हे मान्य आहे. स्त्रियांकडून खोट्या फिर्यादी होतच नाहीत, असेही आम्ही म्हणत नाही. पूर्वीच्या ४९८-अ चे, आताच्या न्यायसंहितेतील कलम ८५ चे हत्यार केवळ रक्कम वाढवून घेण्यासाठी उपसणे अनैतिक तर आहेच. शिवाय तडजोडीची सर्व दारे बंद करून ते वर्षानुवर्षे फौजदारी तारखा मागे लावते. दूरच्या नणंदा-दिरांची नावे त्यात गोवणाऱ्या वकिलाने खऱ्या मारहाणीच्या फिर्यादीचेही वजन कमी केले आहे. पतीच्या वकिलालाही हीच कसोटी लागू आहे. खोटे उत्पन्न सांगू देऊ नये, समन्स चुकवण्यास मदत करू नये, केवळ थकवण्यासाठी मुदत मागू नये. एवढे केल्याने कोणाचा बचाव दुबळा होत नाही.

अर्थात सारे ओझे वकिलाच्या विवेकावर टाकून कायदेमंडळाला मोकळे सोडता येणार नाही. हिंदू संहितेच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यानंतर पत्नीच्या हक्कात पुष्कळ भर पडली. परंतु संसार चालू असताना दोघांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या मालमत्तेत तिचा वाटा अजूनही मान्य झालेला नाही. ती मागते ती पोटगीच, म्हणजे पोटापुरतेच. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज संहितेच्या वारशातून विवाहाबरोबर मालमत्तेची सामायिकता येते आणि दुसरा करार नसल्यास पत्नी निम्म्याची धनी असते. देशाच्या इतर भागांत पतीच्या मालमत्तेत पत्नीला काही वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत संमत झाले आणि २०१४ साली लोकसभेबरोबर विरून गेले. त्याची आठवण आज कोणत्या पक्षाला आहे? ती मागणी पुन्हा उचलणे हे समाजवादी पक्षाचे काम आहे. निम्मे घर जिचे आहे, तिलाही वाट पाहता येते. आणि जिला वाट पाहता येते, तिच्याशी तडजोड बरोबरीने करावी लागते.

तो दिवस येईपर्यंत तालुक्याच्या न्यायालयात उभ्या असलेल्या वकिलाने आपल्या परीने एवढे करावे. पुढील तारीख पडली की आपल्या पक्षकाराकडे वळून तिला विचारावे, की या तारखेपर्यंत तुमचे भागेल काय. तिचे उत्तर नकाराचे असेल, तर त्याच दिवशी त्याच न्यायालयात आणखी एक अर्ज लिहावयाचा राहिला आहे असे समजावे.